एसडीएस जेलवर एकच बँड, तरी प्रथिन डीएनए का धरत नाही?

प्रश्न असा आहे. झिंक फिंगर, म्हणजे झिंकच्या अणूभोवती बसलेल्या छोट्या घड्या, असलेला एक मानवी ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (डीएनए धरून जनुकं चालूबंद करणारं प्रथिन) घेतला, त्याचा डीएनए धरणारा भाग ई. कोलाय या जीवाणूत बनवला आणि सहा हिस्टिडिनच्या टॅगवर निकेल कॉलमने शुद्ध केला. एसडीएस जेलवर एकच ठसठशीत बँड आला. पण जेल शिफ्टमध्ये, म्हणजे प्रथिनाने धरलेला डीएनए जेलमध्ये मागे राहतो का हे बघण्याच्या चाचणीत, १ मायक्रोमोलर प्रथिन घालूनही प्रोब (खूण लावलेला डीएनएचा तुकडा) जागचा हलत नाही, आणि त्याच्या पुढे गेलं की सगळा डीएनए वेलमध्येच, जेलच्या वरच्या खाचेतच, अडकतो. त्याच प्रथिनाच्या विकत आणलेल्या नळ्या शिफ्ट दाखवतात, पण त्यांच्या दोन लॉटचा केडी (अर्धा डीएनए धरला जायला लागणारं प्रथिनाचं प्रमाण) चौपट वेगळा निघतो. दोष प्रोबचा, प्रथिनाचा की पद्धतीचा?

ही लक्षणं एकत्र दिसली की मी प्रोबला हात लावण्याआधी प्रथिनाकडे बघतो. एसडीएस जेल प्रथिनाला आधी उकळतं, उलगडतं, त्याचा सरळ धागा करतं आणि मग चालवतं. त्यामुळे ते एवढंच सांगू शकतं की नळीत या लांबीचा धागा आहे आणि दुसरे धागे फारसे नाहीत. उकळण्याआधी तो धागा नीट घडी होऊन बसला होता का, त्यात झिंक होतं का, त्याची डीएनए धरणारी बाजू मोकळी होती का, यातलं काहीच त्या बँडमध्ये दिसत नाही. लांबीच्या बाबतीतसुद्धा जेल फसवतं. पी५३ हे नाव ५३ किलोडाल्टनच्या बँडवरून पडलं. प्रत्यक्षात ३९३ अमिनो आम्लांच्या त्या प्रथिनाचं वजन ४४ किलोडाल्टनच्या आसपास आहे. प्रोलिनने भरलेल्या भागामुळे ते जेलमध्ये रेंगाळतं.

म्हणून ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरची कोणतीही नळी हातात आली की मला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: यातल्या शंभर रेणूंपैकी किती रेणू डीएनए धरू शकतात? शुद्धता ९५ टक्के आणि सक्रिय रेणू १० टक्के, अशा नळ्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. तुमचे तिन्ही त्रास, म्हणजे शिफ्ट नसणं, वेलमध्ये अडकणं आणि लॉटमधला फरक, या एका प्रश्नापाशी येऊन मिळतात.

या क्षेत्राची सुरुवातच मुळी या प्रश्नापासून झाली. १९६६ साली वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी लॅक रिप्रेसर (ई. कोलायची लॅक्टोज वापरणारी जनुकं बंद ठेवणारं प्रथिन) वेगळा केला, तेव्हा पेशीत त्याच्या मोजक्याच प्रती होत्या आणि बँड बघून शोधावं असं काही हातात नव्हतं. त्यांनी आयपीटीजी हे रिप्रेसरला चिकटणारं साखरेसारखं रसायन किरणोत्सारी करून घेतलं, ते कोण धरून ठेवतं हे डायलिसिसने मोजलं आणि त्या कामाच्या मागावर राहून प्रथिन गाठलं. आज आपण त्याच आयपीटीजीने ई. कोलायकडून मिलिग्रॅमच्या हिशेबाने प्रथिन काढून घेतो. बँड इतका जाड येतो की काम मोजायचं राहूनच जातं.

आता तुमच्या नळीकडे. पहिली तपासणी झटपट होणारी आहे. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये थंड तापमानाला, पूर्ण वेगाने दहा मिनिटं फिरवा. वरचं द्रव काढून त्याचा २२० ते ३५० नॅनोमीटरचा पूर्ण आलेख घ्या. फक्त २८० चा आकडा टिपून थांबू नका. ३२० च्या पुढे रेघ शून्यावर न टेकता वर तरंगत असेल, तर फिरवूनही न बसलेले गठ्ठे द्रवात आहेत आणि ते प्रकाश विखुरत आहेत. मग २६० आणि २८० चं गुणोत्तर काढा. स्वच्छ प्रथिनाचं ते ०.६ च्या आसपास येतं. तुमचं १ किंवा त्याहून जास्त आलं, तर नळीत न्यूक्लिक आम्ल आहे. न्यूक्लिक आम्ल प्रथिनापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश शोषतं, त्यामुळे वजनाने जेमतेम ५ टक्के असलं तरी गुणोत्तर १ वर जातं. आणि जेलवर प्रथिन रंगवणारा कूमासी रंग ते दाखवत नाही. तुमच्या ठसठशीत बँडशेजारी ते अदृश्यच राहणार.

वजनाने ५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते कुठे बसलंय ते बघा. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचं कामच डीएनए धरणं. पेशी फोडली त्या क्षणापासून त्याच्यासमोर जीवाणूचा अख्खा जीनोम आणि ढीगभर आरएनए असतो. ज्या बाजूने त्याने तुमचा प्रोब धरायचा, तीच बाजू त्या तुकड्यांनी अडवलेली असते. म्हणजे तुमचे सर्वांत चांगले रेणू, जे खरोखर डीएनए धरू शकतात, तेच आधी अडकून पडतात. एकाच लांब तुकड्यावर अनेक रेणू माळेसारखे बसले की ते जाळं जेलमध्ये शिरतच नाही. वेलमध्ये अडकलेल्या डीएनएचं हे एक कारण. दुसरं कारण साधे गठ्ठे, त्याकडे पुढे येतो.

उपाय पेशी फोडण्याच्या पायरीवर करावा लागतो, नंतर तो महाग पडतो. फोडण्याचं बफर १ मोलर मिठाचं ठेवा. तेवढ्या मिठात बहुतेक फॅक्टर डीएनए सोडतात. मग पॉलिइथिलिनइमिन वापरा: १० टक्क्यांचं द्रावण आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ८ च्या जवळ आणलेलं असावं. लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचं द्रव, बर्फावर ढवळत ठेवून ते थेंबाथेंबाने सोडा, एकूण ०.१ ते ०.३ टक्के होईपर्यंत. पहिल्या काही थेंबांना जिथे थेंब पडतो तिथे दुधाळ धागा दिसतो आणि विरघळतो, मग एका क्षणी अख्खं लायसेट ताकासारखं होतं. तिथून पुढे दहा मिनिटं ढवळून जोरात फिरवलं की न्यूक्लिक आम्ल खाली घट्ट बसतं आणि वर काचेसारखं स्वच्छ द्रव राहतं. मीठ कमी असताना हेच केलंत तर तुमचं प्रथिनही डीएनएला धरून त्याच गाळात जाईल. ही चूक फार जण करतात आणि मग पॉलिइथिलिनइमिनला नावं ठेवतात. वरच्या द्रवात उरलेलं पॉलिइथिलिनइमिन घालवायला अमोनियम सल्फेटने प्रथिन खाली बसवून घ्या आणि गाळ पुन्हा बफरमध्ये विरघळवा.

न्यूक्लिएझ घालून हे काम होईल असं अनेकांना वाटतं. न्यूक्लिएझने लायसेटचा चिकटपणा जातो, ते उपयोगी आहेच. पण ते लांब डीएनएचे छोटे तुकडे करतं, आणि जो तुकडा प्रथिनाच्या मिठीत आहे तो तिथेच सुरक्षित राहतो. तो सोडवायला मीठच लागतं. निकेल कॉलमवर प्रथिन बसलेलं असताना १ मोलर मिठाने भरपूर धुवा, आणि त्यानंतर हेपरिन कॉलम लावा. हेपरिन म्हणजे ऋणभाराने भरलेली साखळी, फॅक्टरच्या नजरेतून डीएनएसारखीच. ज्याची डीएनए धरणारी बाजू मोकळी आणि शाबूत आहे तो हेपरिनला धरतो; आधीच न्यूक्लिक आम्ल पकडून बसलेले रेणू सरळ वाहून जातात. त्यामुळे हा कॉलम शुद्धीसोबत थोडीफार कामाचीही चाळणी करतो. मिठाचा उतार हळूहळू चढवा आणि प्रत्येक फ्रॅक्शनचं २६०/२८० वेगळं लिहा. मी सगळी शिखरं एकत्र ओतत नाही. बऱ्याचदा दोन शिखरं येतात, दोन्हीत बँड तोच, आणि काम फक्त एकाच शिखरात असतं.

याहून कडक चाळणी हवी असेल तर कॉलमवर फॅक्टरची स्वतःची जागाच बसवता येते. १९८६ मध्ये जेम्स कडोनागा आणि रॉबर्ट टिजन यांनी ओळखीच्या क्रमाचे छोटे डीएनए तुकडे एकमेकांना जोडून सेफारोजच्या मण्यांवर बसवले आणि एसपी१ हा फॅक्टर मानवी पेशींच्या अर्कातून काढला. रिकॉम्बिनंट प्रथिनाला इतकी यातायात सहसा लागत नाही, पण सक्रिय आणि निकामी रेणू खरोखर वेगळे करायचे असतील तर आजही हाच मार्ग.

आता झिंक. तुमचा फॅक्टर झिंक फिंगरचा आहे म्हणून यावर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे. माझा पहिला संशय इथेच आहे.

झिंक फिंगरचा शोधच एका फसलेल्या शुद्धीकरणातून लागला. बेडकाच्या, म्हणजे झेनोपसच्या, कच्च्या अंडपेशींत टीएफ३ए हे प्रथिन ५एस आरएनएला धरून ७एस कण बनवतं. अॅरन क्लुग यांच्या प्रयोगशाळेत जोनाथन मिलर छापील पद्धतीने तो कण काढायला गेले, तर हाती फारच थोडा लागला. कण वाटेतच फुटत होता. पद्धतीत डीटीटी हे क्षपणक होतं, कारण प्रथिनात सिस्टीन भरपूर आणि ते एकमेकांशी जुळून डायसल्फाइड बनवतात. धातू पकडून ठेवणारं ईडीटीए होतं, कारण भटके धातू न्यूक्लिक आम्ल तोडतात. ०.१ मिलिमोलर डीटीटीमध्ये जेल फिल्ट्रेशन केलं की प्रथिन एकीकडे आणि आरएनए दुसरीकडे. पण सोडियम बोरोहायड्राइड हे जोरदार क्षपणक वापरलं तर कण शाबूत. म्हणजे डायसल्फाइड तुटल्यामुळे कण फुटत नव्हता, डीटीटी दुसरंच काहीतरी ओढून नेत होतं. ते धातू निघालं. काळजीपूर्वक काढलेल्या कणात झिंकचे ७ ते ११ अणू सापडले, आणि १९८५ मध्ये नऊ फिंगरची कल्पना मांडली गेली: साधारण ३० अमिनो आम्लांची एकेक घडी, दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडिन मिळून प्रत्येकीत एक झिंक.

प्रथिन वाचवायला म्हणून घातलेली दोन रसायनंच त्याचा कणा काढून घेत होती, आणि तीच दोन रसायनं आजही बहुतेक बफरच्या पाककृतींत सवयीने लिहिलेली असतात.

माझ्याकडूनही हेच घडलं. तीन फिंगरचा एक छोटा फॅक्टर होता. निकेल कॉलमवरून सुरेख उतरला, आणि मी तो रात्रभर डायलिसिसला लावला, सामायिक कपाटातल्या बाटलीतल्या बफरमध्ये. सकाळी पिशवीच्या तळाशी बारीक पांढरे धागे होते. फिरवून टाकले, वरच्या द्रवाचा बँड स्वच्छ होता, म्हणून पुढे गेलो. पुढचे तीन आठवडे मी प्रोब बदलत राहिलो: बाजूचा क्रम लांब केला, मग जागा दोनदा घातली, मग खुणेचा रंग दुसऱ्या टोकाला नेला. शेवटी बाटलीवरची चिठ्ठी नीट वाचली. १ मिलिमोलर ईडीटीए. झिंक मोजलं तर १० मायक्रोमोलर प्रथिनात ३० मायक्रोमोलर असायला हवं होतं, ते ४ मायक्रोमोलरच्या आतबाहेर निघालं. सकाळचे ते पांढरे धागे मला पहिल्याच दिवशी सांगत होते, मी ऐकलं नाही.

झिंक मोजायला मोठं यंत्र लागत नाही. पीएआर नावाचा पिवळा रंग झिंक मिळताच केशरी-लाल होतो, ५०० नॅनोमीटरला वाचता येतो. प्रथिन ग्वानिडिनमध्ये उलगडा म्हणजे धरलेलं झिंक सुटेल, पीएआर घाला, आणि माहीत असलेल्या झिंकच्या द्रावणांशी ताडून बघा. त्याआधी थायोल (डीटीटीसारखं रसायन) असलेलं बफर डिसॉल्टिंग कॉलमने बदलून घ्या, नाहीतर रंग खोटा पडतो. आलेल्या आकड्याला प्रथिनाच्या आकड्याने भागा. तीन फिंगर असतील तर ३ च्या जवळ यायला हवं. १ आला तर बाकी चर्चेचा उपयोग नाही.

ही गळती थांबवण्याच्या जागा अशा. वाढीच्या माध्यमात, आयपीटीजी घालताना, ५० ते १०० मायक्रोमोलर झिंक द्या. प्रोटिएझ रोखणाऱ्या गोळ्या ईडीटीए नसलेल्या घ्या. नेहमीच्या गोळ्यांत ते असतं आणि डबीवर ते बारीक अक्षरात असतं. सिस्टीन जपायला क्षपणक हवंच, कारण ऑक्सिडेशन होऊन डायसल्फाइड झालं की झिंक निसटतं. त्यासाठी डीटीटीऐवजी टीसेप वापरा, ०.५ ते १ मिलिमोलर. फॉस्फेट बफर मात्र टाळा: त्यात झिंक गाळ होऊन बसतं आणि टीसेपही टिकत नाही. हेपेस किंवा ट्रिस चालतं. सायट्रेट नको, तेही धातू ओढतं. डायलिसिसच्या बफरमध्ये १० मायक्रोमोलर झिंक ठेवा. वाटेल तितकं नको, कारण जास्तीचं मोकळं झिंक पृष्ठभागावरच्या हिस्टिडिन-सिस्टीनना धरून रेणू एकमेकांना चिकटवतं. टॅगसुद्धा हिस्टिडिनचाच आहे, म्हणून झिंक फिंगरच्या बाबतीत मी टॅग कापून टाकतो.

आणि जेलच्या बफरकडे बघा. १ पट टीबीईमध्ये (ट्रिस, बोरेट आणि ईडीटीएचं नेहमीचं जेल बफर) २ मिलिमोलर ईडीटीए असतं, म्हणजे नेहमीच्या अर्ध्या पट टीबीईमध्ये १ मिलिमोलर. प्रथिन नळीत जपलंत आणि मग दोन तास ईडीटीएच्या जेलमधून ओढलंत, असं व्हायला नको. काही फॅक्टर डीएनएवर घट्ट बसले की हे सोसतात, काही सोसत नाहीत. ईडीटीए न घालता ट्रिस-बोरेट बनवा किंवा ट्रिस-ग्लायसिन वापरा.

आधीच झिंक गेलेलं प्रथिन परत आणता येतं का? दोन सिस्टीन, दोन हिस्टिडिनच्या छोट्या फिंगरचं येतं बऱ्याचदा. ईडीटीए पूर्ण घालवा, टीसेपमध्ये थंडीत ठेवा, मग हिशेबापेक्षा थोडंसं जास्त झिंक हळूहळू घाला आणि हेपरिनवरून पुन्हा काढा. पी५३ सारख्या प्रथिनाचं तसं नाही. त्याच्या मधल्या भागात एकच झिंक असतं, पण ती सगळी घडीच नाजूक: ३७ अंशाला तो भाग नळीत सुमारे ९ मिनिटांत अर्धा उलगडतो. पेशीत ते ज्या तापमानाला काम करतं त्याच तापमानाला नळीत टिकत नाही. अशा प्रथिनाचं सगळं काम बर्फावर करायचं, आणि बिघडलं तर नवीन बनवायचं.

घडीबद्दल थोडक्यात: १६ ते १८ अंशाला रात्रभर, कमी आयपीटीजीवर वाढवा. ३७ अंशाला तीन तासांत मिळणारं भरपूर प्रथिन बहुधा गठ्ठ्यांतच जातं. शेवटची पायरी म्हणून रेणू आकारानुसार वेगळे करणारा साइझ एक्सक्लूजन कॉलम चालवाच. सुरुवातीलाच, कॉलमच्या पोकळ आकारमानात जे बाहेर येतं ते गठ्ठे, त्यांच्यात तुमचाच बँड दिसला तरी ते टाकून द्या. युरियात विरघळवून पुन्हा घडी घातलेलं प्रथिन निकामीच असतं असा समज मात्र चुकीचा आहे. २००९ मध्ये ऑक्ट४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक ही चार प्रथिनं आर्जिनिनची शेपटी जोडून ई. कोलायच्या गठ्ठ्यांतून काढून, पुन्हा घडी घालून उंदराच्या पेशींना दिली गेली, आणि एका रसायनाच्या जोडीने त्या पेशी मूळपेशींसारख्या झाल्या. फक्त तसं प्रथिन कामावर तपासल्याशिवाय वापरू नका. पेशींवर घालायचं असेल तर एंडोटॉक्सिनही मोजा. जीवाणूच्या भिंतीचा तो अंश स्वतःच जनुकं चालूबंद करतो आणि श्रेय तुमच्या फॅक्टरला मिळतं.

तुम्ही फक्त डीएनए धरणारा भाग घेतलात ते योग्य केलंत. पूर्ण लांबीच्या फॅक्टरचे जनुक जागवणारे भाग बहुधा बेघडीचे असतात, प्रोटिएझ ते आधी खातात, आणि गठ्ठेही तेच करतात. पण एक गोष्ट नक्की करून घ्या: तुमचा फॅक्टर एकटा डीएनए धरतो का? मिकला मॅक्स लागतो, फॉसला जुन लागतो. जोडीदाराशिवाय कितीही शुद्ध केलं तरी शिफ्ट येणार नाही, आणि यात प्रथिनाचा काही दोष नसतो. याच्या उलट, जीएसटी या प्रथिनाचा टॅग लावलेलं प्रथिन स्वतःहून जोडी करतं, कारण जीएसटीचीच जोडी असते. एकट्याने काम करणाऱ्या फॅक्टरला असा टॅग लावला की तो दोन हातांनी डीएनए धरतो आणि केडी आहे त्याहून चांगला दिसतो. विकतच्या नळीवर कोणता टॅग आहे हे आधी वाचा. ई. कोलाय मानवी पेशीसारखे फॉस्फेट लावत नाही, हेही लक्षात असू द्या. पण डीएनए धरणाऱ्या भागाला बहुतेक वेळा त्यावाचून अडत नाही.

आता दोन लॉटचा चौपट फरक. यासाठी सक्रिय भाग मोजायचा, आणि तो मोजायला नेहमीच्या उलट प्रयोग करायचा. केडी मोजताना आपण प्रोब केडीपेक्षा खूप कमी ठेवतो. इथे प्रोब केडीच्या कितीतरी पट ठेवायचा, म्हणजे जो जो रेणू धरू शकतो तो धरणारच. समजा खरा केडी ५ नॅनोमोलरच्या आसपास आहे. प्रोब २०० नॅनोमोलर घ्या: थोडा खुणेचा, बाकी बिनखुणेचा, क्रम तोच. प्रथिन ५० पासून १६०० नॅनोमोलरपर्यंत चढवत न्या. धरलेला डीएनए सरळ रेषेत वाढत जाईल आणि एका जागी रेषा आडवी होईल. ते वळण महत्त्वाचं. एक रेणू एक जागा धरत असेल तर २०० नॅनोमोलर डीएनए २०० नॅनोमोलर सक्रिय प्रथिनाने भरायला हवा. समजा पहिल्या लॉटचं वळण २५० वर आलं, तर तो ८० टक्के सक्रिय. दुसऱ्याचं १००० वर आलं, तर तो २० टक्के. आता आधी काढलेले केडी पुन्हा पाहा. पहिल्याचा ६ नॅनोमोलर दिसला असेल तर ०.८ ने गुणून ४.८. दुसऱ्याचा २५ दिसला असेल तर ०.२ ने गुणून ५. चौपट फरक संपला; रेणू तेच होते, फक्त दुसऱ्या नळीत पाचातले चार निकामी. जोडीने धरणारा फॅक्टर असेल तर रेणू न मोजता जोड्या मोजा, नाहीतर अर्धं प्रथिन निकामी असल्यासारखं दिसेल.

हा हिशेब प्रथिनाच्या एकूण आकड्यावर उभा आहे, म्हणून तो आकडा ब्रॅडफोर्ड या रंगाच्या चाचणीवर सोडू नका. ब्रॅडफोर्डचा रंग आर्जिनिन आणि लायसिनला धरतो, आणि डीएनए धरणारे भाग याच दोघांनी भरलेले असतात. २८० ला मोजा, पण २६० स्वच्छ असेल तरच. ट्रिप्टोफॅन नसलेला भाग असेल तर अमिनो आम्लांचं विश्लेषण करून घ्या, पैसे वसूल होतात.

जेल शिफ्टच्या पद्धतीतही शुद्ध प्रथिनासाठी काही बदल लागतात. बहुतेकांची पाककृती केंद्रकाच्या अर्कासाठी लिहिलेली असते. त्यात पॉली-डीआय-डीसी हा आमिषाचा कृत्रिम डीएनए मायक्रोग्रॅमने घालतात, कारण अर्कात डीएनएला चिकटणारी शेकडो प्रथिनं असतात. तुमच्या नळीत एकच आहे. तेवढं पॉली-डीआय-डीसी तुमचंच प्रथिन गिळून टाकेल. ५० नॅनोग्रॅमपासून सुरू करा, एक लेन अजिबात न घालता ठेवा. त्याऐवजी अल्ब्युमिन घाला, मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम, कारण नॅनोमोलरमध्ये प्रथिन प्लास्टिकच्या भिंतीलाच चिकटून संपतं. मीठ सगळ्या लेनमध्ये सारखं असलं पाहिजे. तुमचा साठा ३०० किंवा ५०० मिलिमोलर मिठात असणार. जास्त प्रथिनाच्या लेनमध्ये जास्त मीठ जातं आणि ऐन शेवटी शिफ्ट मावळते. म्हणून प्रथिनाच्या पायऱ्या साठ्याच्याच बफरमध्ये बनवा आणि प्रत्येक लेनमध्ये तेवढंच आकारमान घाला. जेल अर्धा तास रिकामं चालवून घ्या, उरलेलं परसल्फेट निघून जातं. एक मिश्रण २० मिनिटं ठेवा, तेच दुसरं ६० मिनिटं. धरलेला भाग दोन्हीत वेगळा आला तर समतोल झालेला नाही आणि तो केडी वापरता येणार नाही.

ज्या प्रोबच्या ओळखीच्या जागेतली दोन-तीन अक्षरं बदलली आहेत, तो प्रत्येक जेलवर शेजारी चालवा. खरा आणि बदललेला प्रोब दोन्ही सारखेच हलले, तर ती नुसती ऋण-धनभाराची चिकट आहे. तिचा केडी काढण्यात अर्थ नाही.

साठवण: १० टक्के ग्लिसरॉल, २० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्या, द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवून उणे ८० ला. एकदा वितळलेली नळी परत गोठवायची नाही. गोठवण्याआधीचा आणि नंतरचा सक्रिय भाग एकदा तरी ताडून बघा. काही प्रथिनं गोठण्यातच अर्धी जातात आणि ती उणे २० ला ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये जास्त सुखात राहतात.

विकत घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: या लॉटचं २६०/२८० किती, बफरमध्ये ईडीटीए किंवा ग्लुटाथायोन आहे का, आणि डीएनए धरण्याची चाचणी याच लॉटवर केली आहे का. पत्रकावर वेस्टर्न ब्लॉट आणि एलायझासाठी असं लिहिलेलं असेल तर ते प्रथिन अँटिबॉडी तपासायला बनवलेलं आहे. अँटिबॉडी उलगडलेला धागाही ओळखते. जेल शिफ्टची जबाबदारी त्यांनी घेतलेलीच नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर उद्या सकाळी नळी फिरवा आणि आलेख घ्या. २६०/२८० एकच्या वर असेल तर ही बॅच सोडून पॉलिइथिलिनइमिन आणि हेपरिनने नवीन काढा. ०.६ च्या जवळ असेल तर पीएआरने झिंक मोजा. तेही बरोबर निघालं तर जास्त प्रोबचा प्रयोग लावा, विकतचे दोन्ही लॉट त्याच जेलवर शेजारी ठेवून. जो टक्का येईल तो तारखेसकट प्रत्येक नळीच्या चिठ्ठीवर, मायक्रोमोलरच्या आकड्याच्या खाली, लिहून ठेवा.